पदराआडची गाठ

दरवर्षी दिवाळी अंकासाठी लिहायला बसले, की एका नरकचतुर्दशीची पहाट मनात येते. आणि दरवर्षी मी ती बाजूला सारून काहीतरी हलकेफुलके लिहून धाडते. कधी चकलीच्या भाजणीवर, कधी पाहुण्यांच्या गर्दीवर. यंदा मात्र ठरवले, की ती गोष्ट सांगायचीच. सणाच्या अंकात असला विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण गोष्ट सणातलीच आहे. आणि चार बायकांना एकत्र बसून बोलायला सवड मिळते, तीही याच चार दिवसांत.

माझे सासर साताऱ्याचे, माहेर सांगलीचे. आईवडील गेल्यावर अक्काचे गावभागातले घर हेच माझे माहेर झाले. अक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, म्हणजे बहीण कमी आणि आई जास्त. धनत्रयोदशीला मुलांना घेऊन मी सांगली गाठायची. साताऱ्याचे कंदी पेढे तिकडे आणि तिकडचे भडंग इकडे, असा आमचा देवघेवीचा ठरावच होता. नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठून आम्ही दोघी न्हाणीघरात शिरायच्या. ती माझ्या पाठीला तेल रगडायची, मी तिच्या. त्या अर्ध्या तासात वर्षभराचे सारे बोलून व्हायचे.

२०१३ सालच्या दिवाळीत ती म्हणाली, "यंदा माझे मीच लावून घेते गं. तू मुलांचे बघ." आणि तिने आत जाऊन दार लावून घेतले. त्या कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या वेळी मात्र काहीच वाटले नाही. तिच्या मुलीचे लग्न ठरले होते, घरात गडबड होती. म्हटले, दमली असेल.

गाठ तिला श्रावणातच हाताला लागली होती. बोराएवढी. दुखत नव्हती म्हणून तिने मनावर घेतले नाही, आणि मनावर घेतले तोवर लग्न तोंडावर आले. "आधी पोरीचे दोनाचे चार हात होऊ देत, मग माझे बघू," असे तिने स्वतःशीच ठरवून टाकले. यजमानांना सांगितले नाही, मला सांगितले नाही. लग्न थाटात झाले. व्याह्यांचा मानपान, रुखवत, पंगती, कशात काही उणे पडले नाही. फाल्गुनात तिचा मला फोन आला, तेव्हा बोराचे लिंबू झाले होते आणि वरची कातडी आत ओढली गेली होती.

आम्ही तिला मिरजेला नेले. सांगलीहून मिरज दहा-बारा किलोमीटर. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे इस्पितळ उघडले, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. लांबलांबचे रोगी तिथे येतात. म्हणजे डॉक्टर लांब नव्हते. पैशाची अगदीच ओढाताण होती असेही नाही. अक्काला सात महिने लागले, ते माजघरातून ओसरीवर यायला.

डॉक्टरांनी विचारले, "केव्हापासून आहे हे?" ती खाली बघत म्हणाली, "झाले असतील सात महिने." ते काही बोलले नाहीत. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, किरणोपचार झाले. अक्काने सारे निमूटपणे सोसले. २०१८ च्या आषाढात ती गेली.

सात महिने आधी आली असती तर ती वाचलीच असती, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. ते कुणालाच सांगता यायचे नाही. पण तिची गाठ तिच्या एकटीच्या पदराआड राहिली, हे मला आजवर गिळता आलेले नाही.

आता दुसरी बाजू सांगते, कारण तीही माझीच आहे.

अक्काच्या आजारपणाचा मी असा धसका घेतला, की २०१५ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच जाऊन मॅमोग्राफी करून घेतली. मॅमोग्राफी म्हणजे स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून काढलेला क्ष-किरणांचा फोटो. मला कसलाच त्रास नव्हता. फोटोत मात्र काहीतरी 'संशयास्पद' दिसले. मग सोनोग्राफी, मग सुईने तुकडा काढून तपासणी. अहवाल येईपर्यंतचे ते आठ-दहा दिवस! मी कपाटे आवरली, दागिन्यांची यादी केली, धाकट्याला वरणभाताचा कुकर लावायला शिकवले. अखेर निघाले काय, तर साधी निरुपद्रवी गाठ. घरात पेढे वाटले. पण त्या दिवसांनी मला दोन वर्षे झोपेतून दचकून उठवले.

एका बहिणीने तपासायला उशीर केला, दुसरीने घाईने तपासून घेतले. दोघींपैकी शहाणी कोण?

हाच वाद गेल्या दिवाळीत आमच्या साताऱ्याच्या घरी फराळाच्या ताटावर रंगला. अक्काची मुलगी, माझी भाची, आता सदतीस वर्षांची आहे, पुण्याला नोकरी करते. ती म्हणाली, "मावशी, मी यंदापासून दरवर्षी मॅमोग्राफी करणार. आईचे झाले ते माझे व्हायला नको." माझे धाकटे दीर डॉक्टर आहेत, चाळीस वर्षे साताऱ्यात प्रॅक्टिस केलेले. ते म्हणाले, "अगं, सदतिसाव्या वर्षापासून दरवर्षी? फोटो काढला म्हणजे आजार टळला असे नाही."

"काका, अमेरिकेत तर चाळिशीपासून करतात."

"आणि इंग्लंडात पन्नाशीपासून, तेही तीन वर्षांतून एकदा! मग?"

दोघांचेही खरे होते. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २००९ साली सांगितले, की सरसकट सर्वांसाठी पन्नाशीपासून दर दोन वर्षांनी. चाळिशीतल्या बाईने आपापल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. त्याच समितीने २०२४ साली वय खाली आणले: चाळीस ते चौऱ्याहत्तर, दर दोन वर्षांनी. इंग्लंडात मात्र पन्नास ते एकाहत्तर, दर तीन वर्षांनी. एवढ्या शहाण्या माणसांचे एकमत का होत नाही, हे मी भाऊजींना विचारले. त्यांनी मला समजेल असे उदाहरण दिले.

"वहिनी, मुंबईहून सुटलेली कोयना एक्सप्रेस तुम्ही साताऱ्याला पाहिलीत, की कराडला पाहिलीत, गाडी मिरजेला पोचायची वेळ तीच. साताऱ्याला पाहिली म्हणून ती उशिरा पोचत नाही. नुसता आजार लवकर दिसला म्हणून आयुष्य वाढले, असे समजू नये. पाहिल्यावर गाडी थांबवता आली तरच उपयोग. म्हणून किती गाठी सापडल्या हे मोजायचे नसते. किती बायका मेल्या आणि किती वाचल्या, हे मोजायचे असते."

असे मोजमाप इंग्लंडात सर मायकेल मार्मट यांच्या समितीने २०१२ साली मांडले. दहा हजार बायकांना पन्नाशीपासून वीस वर्षे मॅमोग्राफीला बोलावले, तर त्रेचाळीस जणींचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मरण टळते. हा फायदा काही थोडा नव्हे. त्रेचाळीस घरे उभी राहतात. पण त्याच दहा हजारांत १२९ जणींना असा कर्करोग सापडतो, ज्याने एरवी त्यांना जन्मभर कधी त्रास दिला नसता. तो इतका सावकाश वाढणारा असतो, की बाई म्हातारी होऊन दुसऱ्याच कशाने जायची. अडचण ही, की १२९ मधली ती कोणती आणि त्रेचाळीसमधली कोणती, हे आधी ओळखता येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया सगळ्यांवरच होते. एक वाचते, तेव्हा तिघींना विनाकारण उपचार सोसावे लागतात. शिवाय माझ्यासारख्या नुसत्याच घाबरून परत येणाऱ्या निराळ्या.

तरुण वयात आणखी एक घोटाळा होतो. त्या वयात स्तनात दुधाच्या ग्रंथी दाट असतात. फोटोत त्या पांढऱ्या दिसतात, आणि कर्करोगही पांढराच दिसतो. रव्यात सांडलेले मीठ शोधण्यासारखे ते आहे.

"मग घरच्या घरी आपणच दर महिन्याला तपासले तर?" मी विचारले. आपण सगळ्याच ते ऐकत आलो आहोत. त्याचीही परीक्षा झालेली आहे. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार बायकांचे १९८९ पासून दोन गट केले. एका गटाला स्वतःची तपासणी नीट शिकवली, दुसऱ्याला नाही. दहा वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवले. २००२ साली निकाल प्रसिद्ध झाला: शिकवलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने १३५ मृत्यू, न शिकवलेल्यात १३१. म्हणजे फरक नाहीच. निरुपद्रवी गाठी मात्र शिकवलेल्या गटात पुष्कळ जास्त निघाल्या.

हे सारे ऐकून भाचीचा चेहरा उतरला. "म्हणजे काहीच करायचे नाही का, काका?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आमच्या पोळ्यांच्या मावशी म्हणाल्या, "वहिनी, ती मशीन आमच्या गावाकडं कुठली आली?" मावशी बावन्न वर्षांच्या, परळी खोऱ्यातल्या. त्यांच्या घरी आशाताई कागद घेऊन आल्या होत्या. गाठबीठ आहे का, घरात कुणाला होती का, असे विचारून गेल्या होत्या आणि केंद्रावर तपासायला या म्हणून सांगितले होते. "गाठ न्हाई काय न्हाई, कशाला जायचं उघडं व्हायला?" म्हणून मावशी गेल्या नव्हत्या.

आणि तिथेच वादाला नवे वळण लागले. भाऊजी म्हणाले, "आपल्यासाठी जो पुरावा आहे तो इंग्लंडचा नाही, अमेरिकेचा नाही. तो मुंबईचा आहे, आणि तो या मावशींच्याच कामाचा आहे."

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक मोठा प्रयोग सुरू केला. मुंबईच्या झोपडवस्त्यांतल्या पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. आपल्या सातारा-सांगलीकडची कितीतरी माणसे पिढ्यान् पिढ्या पोटापाण्यासाठी मुंबईला जाऊन राहिली. त्या कष्टकरी वस्त्या आपल्याला परक्या नाहीत. निम्म्या वस्त्यांत, डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका जात. दर दोन वर्षांनी त्या प्रत्येक बाईचे स्तन हाताने तपासत आणि रोगाची माहिती देत. अशा चार फेऱ्या झाल्या. उरलेल्या वस्त्यांत फक्त एकदा माहिती दिली. यंत्र नाही, वीज नाही, नुसता शिकवलेला हात.

वीस वर्षांनी, २०२१ साली, निकाल प्रसिद्ध झाला. फार पुढे गेलेल्या अवस्थेत रोग सापडण्याचे प्रमाण तपासलेल्या बायकांत शेकडा ३७ होते, न तपासलेल्यांत शेकडा ४७. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. आणि सगळ्या वयांचे मिळून पाहिले तर फरक खात्रीने सांगण्याइतका भरला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. फायद्याची बाजू तेवढी सांगायची आणि दुसरी झाकायची, तर या पानाचा काय उपयोग?

आपल्या सरकारनेही २०१६ साली याच वाटेने जायचे ठरवले: तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी. मावशींच्या घरी आशाताई आल्या त्या त्यासाठीच. पण कागदावरची योजना मावशींच्या चोळीच्या गाठीशी येऊन अडते, तिथे सरकार काय करणार?

दिवाळी झाल्यावर मी आणि मावशी दोघी मिळून सरकारी दवाखान्यात गेलो. मी मुद्दाम आधी गेले. आत एक डॉक्टरीणबाई, एक परिचारिका आणि पडदा. दहा मिनिटांचे काम. मावशी बाहेर आल्या त्या हसतच. "वहिनी, एवढ्यासाठी मी इतकी भीत होते होय?"

भाचीचे काय झाले तेही सांगते. तिने एका कर्करोगतज्ज्ञांना गाठून सारी वंशावळ सांगितली. आईकडची सांगायला आपण विसरत नाही; वडिलांकडच्या आत्या आणि आजीही सांगायच्या असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा रोग झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. घरात दोघी-तिघींना झाला असेल, किंवा ऐन तरुणपणी झाला असेल, तर 'ब्रॅका' नावाच्या जनुकांची तपासणी करतात आणि अशा घरांचे नियमच वेगळे असतात. भाचीच्या घरात आई एकटीच, आणि तीही छप्पन्नाव्या वर्षी. तज्ज्ञांनी तिला तूर्त वर्षातून एकदा हाताने तपासून घ्यायला सांगितले, आणि मॅमोग्राफी चाळिशीपासून. भाचीला जे हवे होते ते पुरते मिळाले नाही, भाऊजी म्हणत होते तेही पुरते झाले नाही. पण तिला आता झोप लागते.

आता कुणी म्हणेल, रोग होऊच नये म्हणून काही करता येत नाही का? थोडे येते. मुलाला अंगावर पाजण्याने धोका कमी होतो. तीस देशांतले सत्तेचाळीस अभ्यास एकत्र करून २००२ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा पाजण्याच्या प्रत्येक वर्षामागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. पाळी गेल्यावर वजन वाढू न देणे, चालणे-फिरणे, मद्यापासून दूर राहणे यांचाही उपयोग होतो. पण अक्काने दोन्ही मुलांना दोन-दोन वर्षे पाजले होते. ती अंगाने सडसडीत होती, रोज सकाळी चालत गणपतीच्या देवळात जायची. तरी तिला झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे, हा रोग झालेल्या जवळजवळ निम्म्या बायकांत बाईपण आणि वय यांखेरीज दुसरे कोणतेच ठळक कारण सापडत नाही. तेव्हा एखादीला झाला, की "हिने काय केले असेल" अशी कुजबुज करू नये. तिने काहीच केलेले नसते.

म्हणून मैत्रिणींनो, या वादातून माझ्यापुरते मी काय घेतले ते सांगते. आता मी चौपन्न वर्षांची आहे. दर दोन वर्षांनी जाणत्या हाताकडून तपासून घेते. मॅमोग्राफीचा फायदा आणि किंमत दोन्ही मला ठाऊक आहेत; डॉक्टरांशी बोलून, पन्नाशीनंतर ती मी पुन्हा सुरू केली आहे. दुसरी कुणी हेच आकडे वाचून "मला नको" म्हणाली, तर तिला मी अडाणी म्हणणार नाही. ठरवायचे तिने, पण आकडे पाहून. भीतीने नाही आणि लाजेनेही नाही.

एका गोष्टीत मात्र वाद नाही. भाऊजी, भाची, इंग्लंड, अमेरिका, सगळ्यांचे तिथे एकमत आहे. स्तनात किंवा काखेत नवी गाठ लागली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली किंवा आत ओढली गेली, बोंड आत गेले किंवा त्यातून रक्त आले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचे. दर महिन्याला तारीख लावून चाचपत बसण्याची गरज नाही. आपले अंग आपल्याला ओळखीचे असावे, एवढे पुरे. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, माझी होती तशी. आणि दुखत नाही म्हणून थांबायचे नाही. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. अक्का तिथेच फसली.

आणि हे पान हळूच वाचणाऱ्या यजमानमंडळींनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. घरात लग्न असो, परीक्षा असो, वास्तुशांत असो, बायको आपले दुखणे पुढे ढकलते, कारण आपल्या दुखण्याला या घरात कधी सवड निघेल असे तिला वाटत नाही. अक्काचे यजमान सज्जन होते. पण "तू बरी आहेस ना?" हे त्यांनी कधी विचारले नाही, आणि तिने कधी सांगितले नाही. तेवढे एक वाक्य विचारायला काही खर्च येत नाही.

यंदा नरकचतुर्दशीला भाची साताऱ्याला माझ्याकडे येणार आहे. पहाटे चारचा गजर लावून ठेवला आहे. तेल कोमट करीन, उटणे भिजवीन, ती माझ्या पाठीला लावील, मी तिच्या. आणि अक्काला विचारायचे राहून गेले ते तिला विचारीन. तुम्हीही आपल्या घरातल्या आईला, जावेला, नणंदेला, लेकीला विचारा. आणि त्यांतली कुणी "यंदा माझे मीच लावून घेते" म्हणून न्हाणीघराचे दार लावून घेऊ लागली, तर ते लगेच लावू देऊ नका.